जहाजपट्टी, मीठ आणि आठवीचा वर्ग

आमच्या भागातील मुलांना इंग्रज माणूस इतिहासात पहिल्यांदा भेटतो तो चौथीत, आणि तोही शत्रू म्हणून. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत करणारे राजापूरचे इंग्रज, आणि त्याचा जाब म्हणून १६६१ साली शिवाजी महाराजांनी लुटलेली त्यांची वखार, हे मुलांना तोंडपाठ असते. राजापूर आमच्यापासून फार लांब नाही, आणि वेंगुर्ल्याच्या डच वखारीच्या पडक्या भिंती तर मुले येता-जाता पाहतात. त्यामुळे ‘युरोपातून आलेले व्यापारी’ हा विषय इथे परका नाही. परका आहे तो त्या व्यापाऱ्यांच्या मायदेशाचा इतिहास. ज्या वर्षी राजापूरची वखार लुटली गेली त्याच वर्षी लंडनमध्ये दुसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला आणि त्याच्या बापाचे, म्हणजे पहिल्या चार्ल्सचे, डोके त्याच्याच प्रजेने बारा वर्षांपूर्वी उडवले होते, असे सांगितले की वर्ग क्षणभर गप्प होतो. इंग्रजांमध्येही राजाविरुद्ध उभे राहणारे लोक होते, ही कल्पनाच मुलांना नवी असते.

आठवीच्या पुस्तकात इंग्लंड आणि फ्रान्समधील राज्यक्रांत्यांना जागा थोडी आहे, आणि वेळापत्रकात मला त्यासाठी दोन, फार तर तीन तासिका मिळतात. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे मी तो पाठ सनावळीने शिकवला. फळ्यावर डाव्या बाजूला १६४२, १६४९, १६८८, १६८९ आणि उजव्या बाजूला १७८९, १७९२, १७९३ असे दोन रकाने मांडले आणि मुलांनी ते वहीत उतरवले. त्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांत एका हुशार मुलाने पहिल्या चार्ल्सला गिलोटिनवर, म्हणजे फ्रान्समधल्या शिरच्छेदाच्या यंत्रावर, चढवले होते आणि दुसऱ्या एका मुलीने पॅरिसमधला बॅस्टिलचा तुरुंग लंडनमध्ये नेला होता. चूक त्यांची नव्हती. आकडे लक्षात राहावेत म्हणून मी दोन देशांची गोष्ट शेजारी-शेजारी ठेवली होती, पण ती दोन्हीकडे कशावरून सुरू झाली हे सांगितलेच नव्हते.

आता मी पाठ दोन करांवरून सुरू करते. इंग्लंडसाठी जहाजांचा कर आणि फ्रान्ससाठी मिठाचा. किनाऱ्यावरच्या मुलांना शिकवताना याहून जवळच्या वस्तू मला सापडलेल्या नाहीत.

इंग्लंडमधल्या या कराला मी वर्गात ‘जहाजपट्टी’ म्हणते. घरपट्टी, पाणीपट्टी हे शब्द मुलांच्या घरात रोज असतात, त्यामुळे हा शब्द ऐकताच तो कोण मागत असेल आणि कोण कुरकुरत असेल हे त्यांना आपोआप कळते. युद्धाच्या वेळी बंदरांनी राजाला जहाजे किंवा त्यांच्या बदली पैसे द्यावेत, अशी इंग्लंडमध्ये जुनी चाल होती. पहिल्या चार्ल्सने १६२९ नंतर पार्लमेंट बोलावलेच नाही, आणि पार्लमेंटशिवाय पैसा उभा करायचा तर जुन्या चाली उकरून काढाव्या लागतात. १६३४ साली त्याने ही पट्टी किनाऱ्यावर बसवली आणि पुढच्याच वर्षी समुद्र कधी न पाहिलेल्या आतल्या परगण्यांनाही ती लागू केली. जॉन हॅम्पडन नावाच्या जमीनदाराने आपल्या एका जमिनीवरचे वीस शिलिंग देण्याचे नाकारले. रक्कम त्याच्या दृष्टीने किरकोळ होती, पण १६३७ साली खटला उभा राहिला, बारा न्यायाधीश बसले, आणि सात विरुद्ध पाच अशा निसटत्या फरकाने राजा जिंकला.

इथे मी थांबते आणि प्रश्न विचारते: ज्या गावाला बंदर नाही त्याने जहाजांचे पैसे का द्यायचे? गेल्या वर्षी यावर वर्गात जो वाद झाला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. मुलांचा पहिला कौल अर्थातच हॅम्पडनच्या बाजूने पडला. मग मागच्या बाकावरचा, रापणीवर जाणाऱ्या घरातला एक मुलगा उठला आणि म्हणाला, की समुद्र राखला नाही तर होड्या बाहेर जाणार नाहीत, आणि होड्या गेल्या नाहीत तर घाटावरच्या माणसाला तरी मासे कुठून मिळणार. म्हणून सगळ्यांनीच पैसे द्यायला हवेत. राजाच्या वकिलांचे म्हणणे नेमके हेच होते, की संरक्षण साऱ्या राज्याचे होते, तेव्हा भारही साऱ्या राज्याने उचलावा. हे म्हणणे खोटेही नव्हते, कारण त्या काळात उत्तर आफ्रिकेचे चाचे इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत येऊन माणसे पळवून नेत होते. मी त्या मुलाला तसे सांगितले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अभिमान आणि संकोच एकदमच दिसले, कारण आपण दुष्ट राजाच्या बाजूने बोललो की काय, अशी त्याला शंका आली. वर्ग गोंधळला. तेवढ्यात खिडकीजवळची एक मुलगी, जी एरवी प्रश्न विचारला तरच बोलते, जागेवरूनच म्हणाली, “पण बाई, इचारूक तरी होया होता ना?”

पुढची वीस मिनिटे मी या एका वाक्यावर काढली. कोणाला विचारायचे, विचारले नाही तर काय, आणि नाही म्हणाले तर काय, या तीन प्रश्नांतून इंग्लंडचे पुढचे अर्धशतक उलगडत जाते. १६४० साली पैशांच्या गरजेने राजाला पार्लमेंट बोलवावेच लागले, १६४१ साली त्या पार्लमेंटने जहाजपट्टी बेकायदा ठरवली, १६४२ साली यादवी युद्ध पेटले आणि १६४९ च्या जानेवारीत राजाचा शिरच्छेद झाला. पार्लमेंटच्या संमतीवाचून राजाला पैसा उभारता येणार नाही, हे कलम शेवटी १६८९ च्या हक्कांच्या सनदेत आले. सनावळी तीच, पण आता तिला एक दोरा लागलेला असतो. मात्र त्या पार्लमेंटला मुलांनी आजची लोकसभा समजू नये, म्हणून त्याच तासाला हेही सांगावे लागते, की तिथे मत देण्याचा हक्क मालमत्ता असलेल्या थोड्या पुरुषांनाच होता. “म्हणजे आपल्यापैकी कोणालाच विचारले नसते,” असे मी म्हटले तेव्हा ती मुलगी थोडी हिरमुसली. तिला ते खरे कळायला हवे होते, म्हणून मी ते सौम्य केले नाही.

फ्रान्सचा तास मी डब्यातून जाडे मीठ नेऊन सुरू करते. आमची शाळा शिरोड्याच्या मिठागरांपासून सायकलने जाण्याच्या अंतरावर आहे. हा पाठ पावसाळ्यात येतो, त्यामुळे मिठागर तेव्हा पाण्याखाली असते, पण मीठ प्रत्येकाच्या घरात असते. ओंजळभर मीठ वर्तमानपत्राच्या कागदावर ओतून मी ते टेबलावर ठेवते. श्रावणातल्या दमट हवेत ते करडे-पांढरे खडे हळूहळू ओलसर चकाकू लागतात, कागदावर त्यांच्याभोवती पाण्याचे वर्तुळ पसरते आणि छापील अक्षरे मागच्या बाजूने डोकावू लागतात. तास संपेपर्यंत कागद मऊ झालेला असतो. मिठाचा साठा करणे म्हणजे काय असते, हे मुलांना न सांगता दिसते.

फ्रान्समध्ये या मिठावर ‘गाबेल’ नावाचा कर होता, आणि तो सगळीकडे सारखा नव्हता. उत्तर आणि मध्य फ्रान्सच्या मोठ्या भागात तो सर्वांत जड होता. तिथे आठ वर्षांवरील प्रत्येक माणसामागे वर्षाला साधारण साडेतीन किलो मीठ सरकारी भावाने विकत घेणे सक्तीचे होते. मुलांनी लगेच आपापल्या घराचा हिशेब केला. पाच माणसांच्या घराला साडेसतरा किलो. “आणि बांगडे खारवूचे आसले तर?” असा प्रश्न पहिल्याच मिनिटाला आला, आणि त्याचे उत्तर मला पाठ्यपुस्तकाबाहेर शोधून ठेवावे लागले होते. सक्तीचे मीठ फक्त स्वयंपाकाच्या भांड्यासाठी आणि ताटासाठी होते. मांस किंवा मासे खारवायचे असतील तर त्यासाठी वेगळे मीठ विकत घ्यावे लागे. वर्गातून जो आवाज उमटला तो मी इथे लिहून दाखवू शकत नाही, पण १७८९ च्या तक्रारवह्यांत गावोगावच्या लोकांनी मिठाच्या कराविरुद्ध इतके का लिहिले, हे त्या आवाजानंतर समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

गाबेलबाहेरचा एक प्रांत म्हणजे ब्रिटनी. समुद्राकाठचा, स्वतःची मिठागरे असलेला. तिथल्या गेराँदच्या मिठागरांत आजही समुद्राचे पाणी एका खाचरातून दुसऱ्यात खेळवत मीठ हाताने ओढतात, अगदी आपल्यासारखेच. ब्रिटनी फ्रान्सला जोडला गेला तेव्हाच्या त्याच्या सवलती टिकून राहिल्या, म्हणून तिथे हा कर नव्हता, आणि सीमेच्या अलीकडे-पलीकडे मिठाच्या भावात वीस पटींहून अधिक फरक होता. मग रात्री डोक्यावरून, पाठीवरून, कुत्र्यांच्या अंगावर बांधूनसुद्धा मीठ सीमेपलीकडे जाऊ लागले. बायका आणि मुलेही यात होती. पकडलेल्या पुरुषांना गॅली जहाजांवर वल्ही मारण्याच्या शिक्षा होत.

हा कर राजाचे नोकर थेट वसूल करत नसत. तो मक्त्याने दिलेला होता, आणि मक्तेदार राजाला ठरलेली रक्कम देऊन उरलेले आपल्याकडे ठेवत. कोकणात खोती १९४९ च्या कायद्याने गेली असली तरी मुलांच्या घरात आजोबा-पणजोबांच्या तोंडून ‘खोत’ हा शब्द अजून येतो, त्यामुळे मध्ये बसलेला वसुलीवाला म्हणजे काय हे त्यांना पटकन समजते. मात्र फ्रान्सचा मक्तेदार म्हणजे खोत, असे समीकरण मी मांडत नाही. खोत गावात राहत असे आणि त्याचे हक्क वंशपरंपरेने जमिनीशी बांधलेले होते, तर पॅरिसचा मक्तेदार कधी न पाहिलेल्या गावांचा कर गोळा करत असे. साम्य दाखवून जिथे फरक सुरू होतो तिथे थांबले नाही, तर मुलांच्या मनात सगळेच इतिहास एकसारखे होतात आणि मग कुठलाच नीट लक्षात राहत नाही. या मक्तेदारांपैकी एक मुलांच्या चांगल्या ओळखीचा निघतो. विज्ञानाच्या तासाला ज्याचे नाव येते तो रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए या मंडळीत होता, आणि १७९४ च्या मे महिन्यात तो गिलोटिनवर गेला. विज्ञानाच्या बाईंनाही हे ठाऊक नव्हते, आणि त्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही दोघी त्यावरच बोलत होतो.

शब्दांचा त्रास फ्रान्सच्या पाठात अधिक होतो. ‘इस्टेट्स जनरल’ म्हटले की मुलांना इस्टेट म्हणजे आजोबांची जमीन-जुमला आठवतो, म्हणून धर्मगुरू, सरदार आणि बाकीची प्रजा या तीन वर्गांच्या प्रतिनिधींच्या या सभेला मी ‘त्रिवर्ग सभा’ म्हणते. फ्रान्सचे ‘पार्लमाँ’ आणि इंग्लंडचे पार्लमेंट हे दोन शब्द ऐकायला जुळे, पण पहिले म्हणजे न्यायालय आणि दुसरे म्हणजे सभा. फ्रान्समध्ये विचारायची जागा होती ती त्रिवर्ग सभा, आणि ती १६१४ नंतर थेट १७८९ मध्ये बोलावली गेली. १७५ वर्षे! चार्ल्सची पार्लमेंटविना गेलेली अकरा वर्षे ऐकून हळहळलेला वर्ग हा आकडा ऐकून वहीत वजाबाकी करून पाहतो.

मी आमच्या किनाऱ्यावरच्या मिठाची गोष्ट शेवटी आणते, आधी नाही. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला हे मुलांना माहीत असते, काहींच्या घरांत त्याच्या आठवणीही आहेत. ती गोष्ट आधी सांगितली तर फ्रान्स तिच्या सावलीत जातो. शेवटी सांगितली की मुले स्वतःच म्हणतात, की इथेही विचारले नव्हते.

या वर्षी तास संपायला पाच मिनिटे उरली असताना रापणीवरच्या घरातल्याच दुसऱ्या एका मुलाने विचारले, “मगे चोरून मीठ न्हेणाऱ्यांचा काय झाला?” १७९० साली क्रांतीत उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय सभेने गाबेल रद्द केली, मीठ सगळीकडे स्वस्त झाले, आणि सीमेवरून मीठ नेऊन पोट भरणाऱ्यांचा धंदा एका फटक्यात बसला. त्यांच्यातला एक, जाँ कोत्रो, पुढे ‘जाँ शुआं’ या नावाने क्रांतीच्याच विरुद्ध उठलेल्या बंडाचा म्होरक्या झाला. मी एवढे सांगितले आणि घंटा झाली. मुलगा उठला नाही. टेबलावरचा ओला कागद मी उचलत होते तेव्हा तो पुढे आला, उरलेले मीठ डब्यात परत भरायला त्याने मला मदत केली, आणि कर गेल्यावर लोक खूश व्हायला हवे होते ना, असे त्याने हळूच विचारले. मी त्याला सांगितले, की उद्याचा तास आपण इथूनच सुरू करू.