सड्यावरची जागा आणि मातीचा नकाशा

आज राजापूरजवळ सड्याच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठाराच्या, उतारावर काकांची घराची जागा बघून आलो. निघण्याआधी नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेचा महाराष्ट्राचा नकाशा चाळला होता. प्रमाण इतकं लहान की नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे काही किलोमीटर. आमचे दहा गुंठे त्यात दिसणारच नाहीत. तरी तो बघावाच. माती किती खोल, निचरा कसा, धूप किती याचा अंदाज येतो आणि जागेवर काय शोधायचं ते कळतं.

काका म्हणाले, "जांभा आहे रे, पहार लागत नाही. तपासायचं काय त्यात?"

"वरचा कडक आहे काका, पण खाली काय आहे?"

त्यांना विहिरीपाशी नेलं. वर भोकाभोकांचा तांबडा जांभा, त्याखाली पिवळट-पांढरी मऊ माती. बोटाने खरवडली तर ओल्या साबणासारखी निसटली. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, या थरावर अडतं, आणि उतार कापला की हाच थर सरकतो. मृदा सर्वेक्षण साधारण दीड मीटरपर्यंतच बघतं, हा थर त्याच्याही खाली.

म्हणून बोअर घेऊन एसपीटी (स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट, म्हणजे बोअरच्या तळाशी नळी ठोकून माती किती घट्ट आहे ते बघणारी चाचणी) करायची ठरली. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पडतो, नळी शेवटचे ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. काकांना हे पटलं. खर्च आहे, पण कोकणातल्या पावसात घर पिढ्यान्‌पिढ्या उभं राहायचंय.

लांजा-राजापूर भागात माती तपासणीचं बोअर नीट करणारं कुणी माहीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. पाऊस लागायच्या आत उरकायचंय.