केक मिक्सच्या कुकीज केकसारख्या का होतात?

तुम्ही विचारलंत: केक मिक्सच्या डब्यापासून चॉकलेट कुकीज सहज होतात असं सगळे सांगतात, मग आमच्या कधी पावासारख्या फुगतात आणि कधी ट्रेभर पसरून एकमेकींना चिकटतात, असं का? हा प्रश्न न्यू जर्सीहूनही येतो आणि पुण्या-ठाण्याहूनही. दोन्हीकडचं मिक्स वेगळं असतं, त्यामुळे प्रमाण बदलतं. कारण मात्र बहुतेक वेळा एकच निघतं: पाणी.

डब्यात साखर, मैदा, कोको, फुगवणारे क्षार आणि थोडा स्निग्धांश असतो. केक करताना त्यात साधारण एक कप पाणी, अर्धा कप तेल आणि तीन अंडी घालायला सांगितलेलं असतं. कुकीजसाठी तेल तेवढंच ठेवा, अंडी दोन घ्या आणि पाणी अजिबात घालू नका. भरपूर पाणी मिळालं की मैद्यातला स्टार्च ते पिऊन फुगतो आणि जाळीदार केक तयार होतो. पाणी तोकडं असलं की साखरच त्यातला बराचसा वाटा ओढून घेते, स्टार्च अर्धवट फुगतो आणि कडेला खुसखुशीत, मध्ये चिवट-मऊ अशी कुकी होते. म्हणून "पीठ फार घट्ट वाटलं, दोन चमचे दूध घातलं" असं कुणी सांगितलं की कुकीज का फुगल्या हे वेगळं विचारावं लागत नाही. ते पीठ घट्टच असायला हवं, पेढ्याच्या खव्याइतकं.

आता मापं. अमेरिकेतल्या डब्यावरचं वजन आधी वाचा, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. जुन्या पाककृती १८.२५ औंसांच्या, म्हणजे ५१७ ग्रॅमच्या डब्यासाठी लिहिलेल्या आहेत. पुढे डबे १५.२५ औंसांवर, म्हणजे ४३२ ग्रॅमवर आले आणि आता काही १३.२५ औंसांचे, म्हणजे ३७५ ग्रॅमचेही मिळतात. तेल-अंडी जुनीच आणि मिक्स कमी, असं झालं की पीठ सैल होणारच. ४३२ ग्रॅमच्या डब्याला दोन मोठी अंडी आणि १२० मिली तेल बरोबर बसतं. डबा ३७५ ग्रॅमचा असेल तर त्यात ४० ग्रॅम मैदा आणि तीन मोठे चमचे बिनसाखरेचा कोको चाळून घाला आणि तेल-अंडी तीच ठेवा. गोडी थोडी उतरते आणि चॉकलेट जास्त लागतं. मला हे मूळ डब्यापेक्षा चांगलं वाटतं.

तेलाऐवजी ११५ ग्रॅम वितळवलेलं लोणी चालतं आणि चवीला ते केव्हाही सरस. लोण्यात थोडं पाणी असतं, त्यामुळे कुकी किंचित केककडे झुकते, एवढं लक्षात ठेवा. लोणी खारं असेल तर वेगळं मीठ नको. तेल वापरत असाल तर पाव चहाचा चमचा मीठ आणि एक चहाचा चमचा इन्स्टंट कॉफी पावडर आवर्जून घाला. डब्यातल्या मिक्सची चव एकसुरी गोड असते, ती या दोन गोष्टींनी सुधारते. याशिवाय पिठात दीडशे ग्रॅम चॉकलेट चिप्स किंवा सुरीने जाडसर कापलेलं चॉकलेट घातलंत तर उत्तम.

भारतात मिळणारी पाकिटं लहान असतात आणि बरीचशी अंड्याविना केक व्हावा अशीच बनवलेली असतात. अशा पाकिटाला "दोन अंडी" हे माप लावलं की सगळं बिघडतं. तिथे वजनावर जा. दर १०० ग्रॅम मिक्सला २५ ग्रॅम वितळलेलं लोणी किंवा तेल आणि एक मोठा चमचा, फार तर सव्वा चमचा दूध. हे प्रमाण अंदाजपंचे नाही. अंड्यात तीन चतुर्थांश पाणी असतं, त्यामुळे ४३२ ग्रॅमच्या डब्यात दोन अंड्यांतून साधारण ७५ ग्रॅम पाणी जातं, म्हणजे शंभराला सतरा-अठरा. दूध तेवढंच द्यायचं. अंड्याच्या जागी दही किंवा केळं घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. केकसाठी तो ठीक आहे, कुकीजसाठी नाही, कारण त्यातून पाणी फार जातं. दही घालायचंच असेल तर फडक्यात बांधून टांगलेला चक्का घ्या. बिनअंड्याच्या कुकीज आपणहून कमी पसरतात, म्हणून गोळा ट्रेवर ठेवल्यावर बोटांनी दाबून सेंटीमीटरभर जाडीचा करा. त्या जरा ठिसूळ होतात, तेव्हा पूर्ण गार झाल्याशिवाय उचलू नका.

ब्राउनी मिक्स मात्र या कामाला घेऊ नका. त्यात मैद्याच्या मानाने साखर जास्त असते, त्यामुळे याच प्रमाणात त्याच्या कुकीज वितळून पापडासारख्या पातळ होतात.

कृती सोपी आहे. मिक्स चाळून घ्या, कारण गुठळ्या नंतर मोडत नाहीत. अंडी आणि तेल आधी एकत्र फेटा, मग मिक्स घाला आणि लाकडी चमच्याने कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच ढवळा. इलेक्ट्रिक बीटर नको, त्याने हवा भरते आणि कुकी फुगते. भांडं झाकून अर्धा ते एक तास फ्रिजमध्ये ठेवा. ही पायरी गाळली की कुकीज पसरतात, आणि मे महिन्यात मुंबईत तर हमखास. गार पीठ हाताला कमी चिकटतं, आणि त्यातला स्निग्धांश उशिरा वितळतो, तोवर कडा धरलेल्या असतात.

एक मोठा चमचा भरून, म्हणजे साधारण २० ग्रॅमचा एकेक गोळा करा. ४३२ ग्रॅमच्या डब्यात चिप्स न घालता तीसेक होतात. वर भेगा हव्या असतील तर गोळा आधी साध्या साखरेत आणि मग आयसिंग शुगरमध्ये जाड घोळवा. फक्त आयसिंग शुगर लावली की ती ओल शोषून विरघळते आणि पांढरा रंग नाहीसा होतो. खालचा साध्या साखरेचा थर तिला पिठापासून थोडा दूर ठेवतो. पृष्ठभाग आधी सुकतो, आतला भाग त्यानंतर फुगतो, म्हणून भेगा पडतात.

ट्रेला तूप-तेल लावू नका, बेकिंग पेपर घाला. तुपकट ट्रेवर पीठ घसरून पसरतं. दोन कुकीजमध्ये पाच सेंटीमीटर जागा सोडा. ओव्हन ३५० फॅरनहाइटवर, म्हणजे १७५ ते १८० सेल्सिअसवर, पंधरा मिनिटं आधी तापवा. ओटीजीत, म्हणजे टेबलावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, खालचे आणि वरचे दोन्ही रॉड सुरू ठेवून ट्रे मधल्या खणात ठेवायचा. खालून करपत असेल तर एका ट्रेखाली दुसरा ट्रे ठेवा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये फक्त कन्व्हेक्शन मोड वापरा. एअर फ्रायरला १६० सेल्सिअस पुरे, आणि सातव्या मिनिटाला उघडून बघा.

वेळ आठ ते दहा मिनिटं. इथेच सर्वांत जास्त कुकीज वाया जातात. पीठ मुळातच काळपट असल्यामुळे रंगावरून काही कळत नाही, आणि मधला भाग कच्चा वाटतो म्हणून लोक आणखी पाच मिनिटं ठेवतात. मग दुसऱ्या दिवशी त्या दगड होतात. कड बोटाला घट्ट लागली, वरची चकाकी गेली आणि मध्ये अजून मऊ असलं की ट्रे बाहेर काढा. गरम ट्रेवर त्या आणखी शिजतात. पाच मिनिटांनी जाळीवर काढा. दुसरी खेप गरम ट्रेवर मांडू नका, नाहीतर ओव्हनमध्ये जाण्याआधीच पीठ वितळायला लागेल.

मुलं भांडं चाटायला बसतात, त्यांना तेवढं करू देऊ नका. धोका फक्त कच्च्या अंड्याचा नाही, मिक्समधला मैदाही कच्चाच असतो. २०२१ साली अमेरिकेत ई. कोलाय या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूच्या साथीचा माग काढताना तपास केक मिक्सपर्यंतच पोचला होता, आणि आजारी पडलेल्यांत बरीचशी लहान मुलं होती. बिनअंड्याच्या पिठालाही हेच लागू आहे.

हवाबंद डब्यात कुकीज चार-पाच दिवस चांगल्या राहतात. पावसाळ्यात कोकणपट्टीत त्या दुसऱ्याच दिवशी सादळतात, तेव्हा १५० सेल्सिअसवर तीन-चार मिनिटं गरम करून गार होऊ द्या, कड पुन्हा कुरकुरीत होते. एका वेळी तीस कुकीज नको असतील तर कच्चे गोळे ट्रेवर सुटे गोठवा, मग पिशवीत भरून फ्रीझरमध्ये दोन महिन्यांपर्यंत ठेवा. भाजायच्या दिवशी ते दहा मिनिटं बाहेर काढून ठेवा, साखरेत त्याच वेळी घोळवा, आणि नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त द्या.