जेरोमचा गारुडी आणि निळ्या फरशांची भिंत

झाँ-लेओं जेरोम या फ्रेंच चित्रकाराने 1879च्या सुमारास रंगवलेले ‘गारुडी’ हे चित्र पाहताना नजर आधी अंगाला अजगर वेढून पाठमोऱ्या उभ्या असलेल्या नग्न मुलाकडे जाते, पण मला खरी करामत वाटते ती मागच्या निळ्या भिंतीची. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातील फरशांवरून बेतलेल्या या भिंतीवर तुटके कोपरेही इतक्या निगुतीने उतरवले आहेत की हा सारा प्रसंग डोळ्यांदेखत घडला असावा, असेच वाटते. प्रत्यक्षात गारुड्याचा खेळ इजिप्तमधला, भिंत तुर्कस्तानातली आणि या दोहोंची मोट बांधली गेली ती पॅरिसच्या चित्रशाळेत. कुंचल्याची एकही खूण मागे न ठेवणारी ती गुळगुळीत अकादमिक शैलीच या बनावाला पुराव्याचे रूप देते. भिंतीला टेकून बसलेले प्रेक्षक मुलाकडे टक लावून पाहतात आणि तो समोरून कसा दिसतो, हे मात्र त्यांनाच ठाऊक.