निळ्या कार्डावरची सही

अमेरिकेत डिझेलवर किंवा विजेवर चालणाऱ्या रेल्वे इंजिनाच्या कॅबमध्ये, म्हणजे चालकाच्या कक्षात, सहज नजरेस पडेल अशा जागी, पारदर्शक आवरणाखाली एक कागद लावलेला असतो. संघीय रेल्वे प्रशासनाच्या दफ्तरी त्याचे नाव एफ ६१८०-४९ए असे रुक्ष आहे, पण शेडमधली माणसे त्याला ‘ब्लू कार्ड’ म्हणतात. इंजिनाची मोठी तपासणी कधी आणि कुठे झाली, ब्रेकची कोणती चाचणी कोणत्या तारखेला केली, ब्रेकसाठी दाबाखालची हवा साठवणारी मुख्य हवाटाकी कधी तपासली, हे सारे त्यावर ओळीने लिहिलेले असते आणि नोंदींखाली सही असते. कामाच्या निमित्ताने इंजिनांच्या देखभालीच्या नोंदी माझ्या नजरेखालून नेहमी जातात, आणि या कागदांना ‘नुसती कारकुनी’ म्हणून हिणवणारी माणसेही नेहमी भेटतात. त्यांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. इंजिन सुरक्षित आहे, हे ते चालवणाऱ्याला स्वतः पाहून ठरवता येत नाही. त्याला कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावा लागतो, आणि तो शब्द या कागदावर असतो.

रोजच्या तपासणीचेच पाहा. वापरात असलेले इंजिन दर दिवशी निदान एकदा तपासले गेले पाहिजे आणि त्याचा लेखी अहवाल झाला पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. अहवालात रेल्वे कंपनीचे नाव, इंजिनाची आद्याक्षरे व क्रमांक, तपासणीची जागा, तारीख आणि वेळ, आढळलेले दोष आणि तपासणाऱ्याची सही एवढे यावे लागते. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट पुढे येते. दोष आढळला तर तो दुरुस्त केल्याशिवाय सहसा इंजिन वापरता येत नाही, काय दुरुस्ती केली हे त्याच अहवालात लिहावे लागते, आणि ज्याने दुरुस्ती केली त्यालाही तिथे सही करावी लागते. म्हणजे ब्रेकचा ठोकळा झिजला आहे असे सकाळी एकाने लिहिले, तर तो बदलला असे दुसऱ्याला स्वतःच्या नावानिशी सांगावे लागते. ‘बघून घेतले’, ‘सांगितले होते’ अशा मोघम उत्तरांना त्यात जागा उरत नाही. हा अहवाल इंजिनाची निगा राखणाऱ्या ठिकाणी किमान ९२ दिवस जपून ठेवायचा असतो. काही दोष असतानाही ठरावीक अटींवर इंजिन दुरुस्तीच्या जागी हलवता येते. त्या वेळी त्याला चिठ्ठी बांधून दोष कोणता, कुठे न्यायचे आणि कोणत्या मर्यादेत न्यायचे, हे सहीनिशी लिहावे लागते.

९२ या आकड्याशी या नियमांचे फार जवळचे नाते आहे. नियतकालिक तपासणीतले अंतर जास्तीत जास्त ९२ दिवसांचे, वार्षिक चाचणीची मुदत ३६८ दिवसांची, हवाटाकीच्या चाचणीची ७३६ दिवसांची, आणि ब्रेक यंत्रणेच्या प्रकारानुसार पुढच्या मुदती ११०४, १४७२ दिवस अशा वाढत जातात. हे सगळे आकडे ९२ च्या पटीत आहेत. इंजिन एकदा शेडमध्ये आले की त्या दिवशी कोणकोणत्या मुदती भरल्या आहेत, हे कार्ड पाहून लगेच कळते, आणि एकेका कामासाठी ते वेगळे थांबवावे लागत नाही. इंजिन सलग ३० किंवा त्याहून अधिक दिवस वापराबाहेर राहिले, तर ते दिवस कार्डावर नोंदवून मुदतीच्या मोजणीतून वगळता येतात. २०१२ साली नियमांत मोठी सुधारणा झाली आणि स्वतःच्या प्रकृतीवर इलेक्ट्रॉनिक यंत्रणेद्वारे लक्ष ठेवणाऱ्या नव्या इंजिनांना ९२ ऐवजी १८४ दिवसांची मुदत मिळाली. मात्र सवलतीसोबत अटही आली: अशा इंजिनाची रोजची तपासणी दर ३३ दिवसांतून निदान एकदा यांत्रिक कामातल्या पात्र तपासनिसाने केली पाहिजे. यंत्राने यंत्रावर ठेवलेली नजर पुरेशी मानली नाही, हे मला योग्य वाटते.

या कागदांची मुळे वाफेच्या काळात आहेत. बॉयलर फुटून माणसे मरत होती, म्हणून १९११ मध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला. १९१५ मध्ये त्याची व्याप्ती संपूर्ण इंजिनापर्यंत वाढली आणि १९२४ मध्ये इतर शक्तीवर चालणारी इंजिनेही त्यात आली. वाफेचा काळ सरल्यावरही हा धडा पुन्हा गिरवावा लागला. १६ जून १९९५ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या गार्डनर्सजवळ पर्यटकांची गाडी ओढणाऱ्या गेटिसबर्ग रेल्वेच्या १२७८ क्रमांकाच्या वाफेच्या इंजिनात पाण्याची पातळी खाली गेली, भट्टीवरचा पत्रा तापून निकामी झाला आणि कॅबमधले तिघेजण भाजले. चौकशीत देखभालीतल्या आणि प्रशिक्षणातल्या उणिवा समोर आल्या. त्यानंतर १९९९ मध्ये वाफेच्या इंजिनांचे नियम नव्याने लिहिले गेले. प्रत्यक्ष सेवेचे १४७२ दिवस किंवा १५ वर्षे, यांतले जे आधी पूर्ण होईल तेव्हा बॉयलरची सखोल तपासणी करावी लागते आणि त्याच्या मजबुतीचे हिशेब ‘फॉर्म ४’ वर मांडावे लागतात.

४ जानेवारी १९८७ रोजी मेरीलँडमधल्या चेसजवळ कॉनरेल या मालवाहू रेल्वे कंपनीची इंजिने थांबण्याचा सिग्नल ओलांडून ॲमट्रॅकच्या प्रवासी गाडीच्या वाटेत आली आणि १६ जणांचा जीव गेला. इंजिनावरच्या कर्मचाऱ्यांच्या चाचणीत गांजाचा अंश आढळला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या इंजिनात धोक्याची सूचना देणाऱ्या शिट्टीवर टेप लावलेली होती आणि कॅबमधल्या सिग्नलचा एक दिवा गायब होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तपासणीने पकडायच्या गोष्टी नेमक्या अशाच असतात. पुढच्याच वर्षी झालेल्या कायद्याने इव्हेंट रेकॉर्डर, म्हणजे इंजिनाच्या हालचालींची नोंद ठेवणारे यंत्र, बसवण्याचा मार्ग खुला केला. आज ताशी ३० मैलांपेक्षा अधिक वेगाने जाणाऱ्या गाडीच्या आघाडीच्या इंजिनात तो लागतो, शेवटच्या ४८ तासांचा वेग, ब्रेक, थ्रॉटल असे तपशील तो साठवतो, आणि नोंदवण्याजोगा अपघात झाल्यास ती माहिती वर्षभर जपावी लागते.

आता या कागदी कामाच्या ओझ्याविषयी. अमेरिकेत कागदी कामकाज कमी करण्याचा १९८० चा कायदा आहे, जो १९९५ मध्ये नव्याने केला गेला. त्यानुसार प्रत्येक नोंदीला किती मिनिटे लागतात याचा अंदाज बांधून एकूण तासांचा हिशेब जाहीर करावा लागतो, आधी ६० आणि मग ३० दिवस लोकांची मते मागवावी लागतात, आणि मिळणारी मंजुरी फार तर तीन वर्षांची असते. सरकारने स्वतःच्या मागणीचा असा हिशेब देणे मला फार चांगले वाटते. मात्र या हिशेबाच्या तक्त्यांत एका बाजूला मिनिटे मांडलेली असतात, दुसऱ्या बाजूला त्या मिनिटांतून काय पदरात पडले याचा रकाना नसतो. म्हणून मते मागवली जातात तेव्हा प्रत्यक्ष इंजिनावर काम करणाऱ्यांनी ती पाठवावीत, केवळ कंपन्यांच्या कार्यालयांनी नव्हे.

इलेक्ट्रॉनिक नोंदींना आता मुभा आहे आणि तिला माझा विरोध नाही. नोंद करणाऱ्याची स्वतंत्र ओळख पटली पाहिजे आणि दुरुस्त केलेली नोंद मूळ नोंदीपासून वेगळी जतन झाली पाहिजे, या अटी मला कळीच्या वाटतात, कारण संगणकावर जुनी तारीख बदलणे कागदावर खाडाखोड करण्यापेक्षा सोपे असते. माझा आग्रह एवढाच आहे की नोंदी सर्व्हरवर गेल्या तरी त्या इंजिनात बसलेल्या चालकाला कोणाची परवानगी न मागता, जागेवरच वाचता आल्या पाहिजेत. दूरच्या कार्यालयात सुरक्षित असलेली नोंद, रात्री दोन वाजता अनोळखी यार्डात दुसऱ्याने आणून उभे केलेले इंजिन ताब्यात घेणाऱ्या माणसाच्या काहीही कामाची नाही.