दातेरी कंटूर आणि दोन फिल्टर

उंचीच्या रास्टरवरून, म्हणजे प्रत्येक चौकोनी सेलला एक उंची दिलेल्या जाळीवरून, कंटूर (समान उंचीच्या रेषा) काढले, तर सपाट भागातल्या रेषा करवतीच्या दात्यांसारख्या आल्या. डेटा एसआरटीएमचा, म्हणजे फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातून रडारने मोजलेला. सेल साधारण 30 मीटरचा, उंची पूर्ण मीटरमध्ये. जमीन सपाट असली की एका मीटरच्या पायऱ्या आणि रडारचा गोंगाटच (मोजणीतल्या बारीक चुका) रेषांत उमटतो.

आधी 3×3 चा लो-पास फिल्टर चालवला. यात प्रत्येक सेलला स्वतःची आणि आठ शेजाऱ्यांची सरासरी मिळते. रेषा मऊ झाल्या, पण एका ठिकाणी नवीच टेकडी उगवली! मूळ रास्टर पाहिलं, तर तिथे 100 मीटरच्या मैदानात एकच सेल 190 चा होता. सरासरीने ती चूक पुसली नव्हती, नऊ सेलमध्ये वाटली होती; सगळे 110. मग मूळ रास्टरवर मीडियन फिल्टर लावला, जो सरासरीऐवजी नऊ आकड्यांतला क्रमाने मधला आकडा घेतो, आणि तो सेल निमूट 100 वर आला. सुटे चुकार सेल असतील तर मी आता आधी मीडियनच लावतो.

कडेला त्याहून मोठा घोळ होता. -9999 ही नो-डेटाची, म्हणजे तिथे उंचीच उपलब्ध नसल्याची, खूण आहे हे सॉफ्टवेअरला सांगितलंच नव्हतं. सहा सेल 600 चे आणि तीन -9999 चे, त्यांची सरासरी -2933. नकाशाच्या काठाने दरीच खणली गेली होती. नो-डेटाची नोंद करून सगळं पुन्हा चालवलं.

कडे आणि धारा उठून दिसाव्यात म्हणून हाय-पास, म्हणजे सेलचा शेजाऱ्यांपेक्षा असलेला वेगळेपणा दाखवणारा फिल्टर, हवा होता. त्याच्या भारांची (सेलच्या उंचींना ज्यांनी गुणायचं त्या आकड्यांची) बेरीज शून्य असते आणि ते मधल्या सेलभोवती सममित असतात, त्यामुळे एकसारखा उतार कितीही तीव्र असो, उत्तर शून्यच. उतार जिथे मोडतो तिथेच आकडा येतो: धारेवर धन, घळीत ऋण. मूळ रास्टरवर चालवल्यावर नुसते ठिपके दिसले, कारण हा फिल्टर गोंगाटही तितकाच वाढवतो. मीडियननंतर चालवला तेव्हा धारा दिसल्या, घळी मात्र गायब. फाइल आठ बिटांची, चिन्हाशिवायची होती, म्हणजे तिच्यात 0 ते 255 एवढेच आकडे मावत होते; सगळे ऋण आकडे शून्य झाले होते. फ्लोटमध्ये, म्हणजे ऋण आणि दशांश आकडेही मावतात अशा प्रकारात, साठवल्यावर घळी परत आल्या.

कंटूरसाठी मीडियननंतर एकदाच हलका गॉसियन (जवळच्या सेलला जास्त भार देणारी सरासरी) लावला. मग मूळ रास्टरमधून नवा वजा करून पाहिला. मैदानात फरक एक-दोन मीटरचा होता, धारेवर मात्र माथा चांगलाच खाली आला होता. म्हणून शिखरांची उंची मी अजूनही मूळ रास्टरवरूनच लिहितो.