सोमवारची धुणी

"आधी मी दारं मोजायचो. आता नावं लक्षात ठेवतो."

आज जर्मनीतल्या लाइपझिगच्या लाँड्रीत शेजारच्या मशीनवरचा मुलगा हे बोलला आणि दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

वय २०. मूळचा अमेरिकेतल्या आयडाहोचा, मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी, म्हणजे दारोदार जाऊन धर्म सांगणारा. २ वर्षं घरापासून लांब, सोबतीला कायम दुसरा एक मिशनरी. सोमवार त्यांचा धुणी-बाजारहाटाचा. पांढऱ्या शर्टाची कॉलर तो बोटांनी चोळत होता, अगदी माझी आई चोळते तशी. कड पार विरलेली.

घरी फोन? आठवड्यातून एकदा. २०१९ च्या आधी तर या मिशनऱ्यांना वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला! त्या आयांनी कसं काढलं असेल?

लोक तोंडावर दार लावतात तेव्हा वाईट नाही वाटत, मी विचारलं.

"वाटायचं. आता तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या गुडघ्यासाठी रोज प्रार्थना करतो. त्या दारातूनच बोलतात, आत कधी घेतलं नाही."

त्याच्या धर्मातलं सगळं मला पटतं असं नाही. पण हे ऐकून गलबलून आलं.

मी इथे ४ वर्षं राहतेय. माझ्या समोरच्या दारातल्या आजींचं नाव काय?