स्ट्रेचरची लय

नागपूरच्या धरमपेठेतल्या माझ्या छोट्या स्टुडिओत वर्षभर भजने, जाहिराती आणि दीक्षाभूमीच्या सोहळ्याआधी भीमगीते यांचीच वर्दळ असते. जॅझ घेऊन कोणी आले ते गेल्या महिन्यात पहिल्यांदाच. कामठीला राहणारे हे निवृत्त सुभेदार लष्करी बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत. लढाई सुरू झाली की बँडवाल्यांच्या हाती वाद्याऐवजी स्ट्रेचर येते, हे मला त्यांच्याकडूनच कळले. 1999 साली कारगिलला त्यांनी जखमींना खाली आणले होते आणि त्यावर बांधलेली सात मिनिटांची रचना त्यांना ध्वनिमुद्रित करायची होती. इतक्या वर्षांनी का, असे विचारल्यावर त्यांनी व्हिएतनाममध्ये लढलेल्या बिली बँग या व्हायोलिनवादकाचे उदाहरण दिले: त्याचाही युद्धावरचा अल्बम 2001 मध्ये, म्हणजे तीसहून अधिक वर्षांनी आला.

क्लिक ट्रॅक, म्हणजे लय पक्की धरून ठेवणारी टिकटिक, कानात घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. ड्रमवर काठ्यांऐवजी तारांचे ब्रश चालत होते आणि बास प्रत्येक मात्रेला किंचित मागे पडत होता. हल्लीची पोरे रियाजापेक्षा रील्समध्ये रमतात, हे माझे मत आधीचेच. त्यामुळे मी ती बासवाल्याची कच्ची तयारी समजलो. त्या रात्री एकेक ठोका पकडून, साठ-सत्तर मिलिसेकंद पुढे सरकवत, खटका ऐकू येऊ नये म्हणून प्रत्येक सांध्यावर आवाज हळूच उतरवत-चढवत, मी पहाटे तीनपर्यंत सगळा बास ब्रशच्या ठोक्यांवर बसवला. त्याचे जादा पैसेही मी लावणार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सुभेदारसाहेबांनी मिनिटभर ऐकून हेडफोन काढला. काही न बोलता त्यांनी बाहेरचे लाकडी बाक उचलायला लावले, त्यावर काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि ते पुढे, मी मागे असे आम्ही बोळातून निघालो. पावले जुळवून चाललो तेव्हा बाक झुलू लागले आणि पाणी सांडले. मग त्यांनी मला उलट्या पायाने सुरुवात करायला सांगितले. पेला जवळपास भरलेलाच परत आला.

"बँडमध्ये पाऊल जुळवायला शिकलो," ते म्हणाले, "तिथं मोडायला शिकावं लागलं. जुळलं की स्ट्रेचरवरचा ओरडतो."

मूळ फाइल शाबूत होती, तीच मिक्स केली. तिसऱ्या मिनिटाला सॅक्स थांबतो आणि ब्रश व बास दोघेच चालत राहतात, तिथे माझा हात अजूनही माउसकडे जातो. बास मागे आहे की ब्रशच पुढे, हे मला कालही ठरवता आले नाही.